ओळ दोनशे बारा

१४ नोव्हेंबर १९७७, सोमवार

यंत्र आज खोक्यातून बाहेर निघालं. मुंबईच्या हेड ऑफिसने सात वर्षं वापरून आमच्या गिरणीला दिलंय, म्हणजे थोरल्याचा सदरा धाकट्याला. पण आम्हाला नवाच. त्याच्यासाठी गार हवेची खोली केली आहे, आणि चपला बाहेर काढूनच आत जायचं. दुपारी चार लोक नुसते दारात उभे राहून हात जोडून गेले.

मॅनेजर मोडकसाहेबांनी मला लॉगबुक ठेवायला सांगितलंय. यंत्र कधी चालू, कधी बंद, काय बिघडलं. ते ऑफिसचं. ही वही माझी. पुण्यात सहा महिने शिकून आलो खरा, पण इथे विचारायला कोणी नाही, आणि 'मला भीती वाटते' हे लॉगबुकात लिहिता येत नाही.

घरी अप्पांनी विचारलं, "काय करतंय रं तुझं मशीन?"

म्हटलं, "वाचतं, अप्पा. कागदाच्या फितीला छिद्रं पाडून मजकूर दिला की वाचतं आणि हिशेब करतं."

"मंग तुझ्यावानीच हाय की. वाचत बसतंय. काम कुनी करायचं?"

असं म्हणून हसले आणि हसता हसता खोकले. अप्पा एकोणतीस वर्षं ब्लोरूममध्ये आहेत. कापसाच्या गाठी फुटतात ते खातं. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी तिथल्या सगळ्यांचीच छाती आवळते. धुळीची सवय एका दिवसात मोडते, असं ते सांगतात. गिरणीत त्याला सोमवारची छाती म्हणतात आणि मंगळवारी विसरतात.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

यंत्राला पहिलं काम मिळालं. ब्लोरूममध्ये जास्त वेगाची नवी मशिनं येणार आहेत. त्यांची धूळही जास्त. म्हणून दवाखान्याच्या डॉक्टरबाई हेमावती यांनी साहेबांकडून कबूल करून घेतलंय की आधी सगळ्यांचा श्वास मोजायचा. नळीत जोरात फुंकायचं, सुई सरकते, आकडा येतो. अडीचच्या खाली आला तर त्या माणसाला त्याच पगारात घडी खात्यात द्यायचं, कापडाच्या घड्या घालायला. धूळ नाही, खिडक्या मोठ्या. सहाशे चाळीस माणसं. कंपाउंडर नबीसाब आकडे रजिस्टरात लिहिणार, टायपिस्ट त्याची फीत करणार, यंत्र यादी छापणार.

योजना चांगली आहे. पण ब्लोरूमवाल्यांना ती सजा वाटते. "घडी खात्यात गेला त्यो म्हातारा झाला," असं अप्पाच म्हणतात.

आज त्यांची पाळी होती. रांगेत पुढे आमच्या शेजारचा ईरप्पा आणि त्याच्या मागे अप्पा. ईरप्पा चोवीस वर्षांचा, तालमीतला गडी. त्याने फुंकलं तेव्हा नबीसाब "हळू रे बाबा, मशीन फोडतो का" म्हणाले म्हणे. ईरप्पा हे सांगत होता आणि अव्वा, म्हणजे आई, हसत होती.

मी विचारलं, "आणि तुमचं, अप्पा?"

"झालं की," म्हणाले आणि जेवायच्या आधीच भिंतीला टेकून डोळे मिटले.

३० नोव्हेंबर, बुधवार

फीत तयार झाली. मी प्रोग्रॅम सुरू केला. आठ ओळी वाचून यंत्र थांबलं आणि टाइप झालं: एलिमेंट मिसिंग, लाइन नऊ.

मला घाम फुटला, त्या गार खोलीत. एकेका माणसाची एकेक ओळ. तिच्यात सहा गोष्टी: बिल्ला नंबर, नाव, गाव, खातं, पाळी, श्वास. मध्ये स्वल्पविराम. मी यंत्राला सांगून ठेवलंय की सहा मोजून घे. पाचच सापडले की ते अडतं. पंगतीत वाढप्याला सहावं पान दिसलं नाही की तो जसा वाटी हातात धरून उभा राहतो, तसं.

टायपिस्ट म्हणतात, रजिस्टरात जागा कोरीच होती, आम्ही काय आमच्या मनाचं घालायचं? बरोबर आहे. मग हेडक्लार्क गुरुबसप्पांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पुन्याला हे शिकवलं न्हाई व्हय? कोरं म्हंजे वरच्यापरमानं. वरच्याचं गाव करमाळा, खालच्याचं बी करमाळा, मंग दोनदा कशापाय लिहायचं? शाई काय फुकट हाय?"

खरंच की. गिरणीतली सगळी रजिस्टरं अशीच आहेत. ज्याला हे माहीत नाही तो इथला नव्हे. संध्याकाळपर्यंत मी प्रोग्रॅममध्ये नवा तुकडा घातला: जागा कोरी दिसली तर वरच्या ओळीतलं घे आणि पुढे चल. ओळ नऊ पार झाली. दहा, वीस, शंभर. ती फीत सरसर जाताना जो आवाज होतो तो मला फार आवडतो.

३ डिसेंबर, शनिवार

आज दोनशे बाराव्या ओळीवर अडलं.

ही अडचण निराळी. गाव आहे, खातं आहे, पाळी आहे. शेवटचा श्वासाचा आकडाच नाही. मी नियम फक्त गाव, खातं आणि पाळी या तीन रकान्यांना लावला होता, श्वासाला लावलेला नव्हता. फीत उजेडात धरून पाहिली. फितीवर नाव दिसत नाही, छिद्रं दिसतात. स्वल्पविराम मोजले: पाच. पाचव्यानंतर काही नाही, ओळ संपलेली.

खरं लिहायचं तर माझ्या मनात आलं की गाव वरच्याप्रमाणे असतं, श्वास वरच्याप्रमाणे कसा असेल? दवाखान्यात जाऊन विचारावं, म्हणून उठलोही. तेवढ्यात मोडकसाहेब आले. मंगळवारी मुंबईचे साहेब यंत्र पाहायला येणार आहेत. "त्यांच्यासमोर ते थांबता कामा नये," म्हणाले. "एकदाही नाही. थांबणारं यंत्र आणि झोपणारा कारकून यात फरक काय?"

मग मी बसलो. रजिस्टर एक, लिहिणारी माणसं गिरणीचीच, मग रीतही एकच असणार. सहा रकान्यांना दोन नियम ठेवण्यापेक्षा एकच नियम ठेवला. प्रोग्रॅम चार ओळींनी लहान झाला, याचा मला आनंदही झाला.

पुन्हा चालवलं. सहाशे चाळीस ओळी, एका दमात.

५ डिसेंबर, सोमवार

सकाळी दारात नबीसाब उभे. चपला काढलेल्या, रजिस्टर छातीशी धरलेलं. आत यायला लाजत होते.

"चन्नवीर साब, वो लिस्ट के बारे में बोलना था. डाक्टरबाई ने जो पहले पन्ने पे लिखाये, वो आप देखे क्या?"

पहिलं पान फितीवर नव्हतंच. त्यावर नावं नसतील म्हणून टायपिस्टांनी सोडलं असणार. मी म्हटलं, "नबीसाब, उद्या साहेब लोक येणार आहेत. परवा बघू. आणि काळजी करू नका, कुठे कोरं राहिलं असेल तर यंत्र स्वतः भरतं."

त्यांनी विचारलं, "भरता? कैसा भरता जी? आदमी कू बुलाको?"

मला हसू आलं. यंत्र माणसाला बोलावून विचारतं ही कल्पनाच गमतीची. त्यांना म्हटलं, ते सगळं आतल्या आत होतं.

"हौ जी," म्हणाले. "मशीन बोलता तो सही च बोलता हुंगा." आणि गेले. जाताना वळून पाहिलं त्यांनी. डॉक्टरबाईंना विचारा म्हणालो असतो, पण त्या शनिवारीच बाळंतपणाला धारवाडला गेल्या. मार्चमध्ये येतील.

६ डिसेंबर, मंगळवार

यंत्र एकदाही थांबलं नाही. यादी छापून निघाली. मुंबईच्या साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. एकोणीस जण घडी खात्यात, बाकी सगळे फिट. मोडकसाहेब म्हणाले, "आम्हाला वाटलं होतं पन्नासएक निघतील." सगळे खूश होते. उद्या नबीसाबांकडे जायला हवं.

२० डिसेंबर, मंगळवार

नबीसाबांकडे जायचं राहून गेलं. आता यादी लागूही झाली.

आज प्रत्येकाला छापील चिठ्ठी मिळाली. अप्पा चिठ्ठी घेऊन घरी आले ते वरातीसारखे, मागे ईरप्पा. अप्पांचा आकडा तीन पॉइंट आठ. ईरप्पाचाही तीन पॉइंट आठ!

"बगा मामा," ईरप्पा म्हणाला, "उद्यापासनं तालमीत या माज्यासंगं."

"येतो की. तुला पाडल्याबिगर ऱ्हात न्हाई."

अव्वा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "येवडी छाती हाय, मंग रातच्याला बसून का झोपताय?"

अप्पा चिडले. "तुला जास्ती कळतंय का मशीनला? तुज्या ल्योकाचं मशीन हाय त्ये. त्यानं लिवलंय."

चिठ्ठी त्यांनी सिद्धेश्वराच्या तसबिरीमागे खोचून ठेवली. मलाही अभिमान वाटला, लपवत नाही. एकोणतीस वर्षं धूळ खाऊन माणसाची छाती चोवीस वर्षांच्या पोराएवढी! दोघांचा आकडा अगदी दशांशासकट सारखा यावा हाही योगायोगच. अव्वाला म्हटलं, म्हातारपणी झोप अशीच होते, काळजी करू नकोस.

१४ जानेवारी १९७८, शनिवार

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. आज अक्षता, देवाचं लग्न. अप्पा दरवर्षी नंदीध्वज धरतात, कमरेला पट्टा बांधून, बाराबंदी घालून. त्या काठीचं वजन भल्याभल्यांना पेलत नाही. या वर्षी निघायच्या आधी त्यांनी पट्टा सोडला आणि ईरप्पाच्या कमरेला बांधला.

"तू धर. आपला आकडा येकच हाय. तू धरलास काय अन् म्या धरलं काय."

लोक हसले. अप्पा काठीला हात लावून सोबत चालले, पण तळ्याच्या कडेला तीनदा बसले. मी पाणी दिलं. ओठ जरा निळसर वाटले, थंडीने असेल. ईरप्पाने काठी छान पेलली.

४ फेब्रुवारी, शनिवार

नवी मशिनं सुरू होऊन आठवडा झाला. अप्पांच्या भुवयांवर, कानांवर पांढरं असतं, आता घरी आल्यावरही झडत नाही. जेवण निम्म्यावर आलंय.

अव्वाने मला परसात गाठलं. "चन्नू, मोडकसायबाला सांग की. त्येस्नी घडी खात्यात घ्या म्हनावं. तुजं ऐकत्यात."

मी म्हटलं, "अव्वा, यादी मी काढलेली. तिच्यात अप्पा फिट आहेत. माझ्याच बापासाठी मी यादी मोडली तर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हनतील ते म्हनू दे की रं. तुला दिसत न्हाई व्हय?"

दिसतं. पण मला दिसतं ते खरं, की मोजलेलं खरं? मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही तर पुण्याला गेलो कशाला? हे लिहिताना मला जसं पटतंय तसं अव्वासमोर पटत नव्हतं.

२७ फेब्रुवारी, सोमवार

अप्पांना पाळी अर्धी टाकून घरी आणलं. ईरप्पाने पाठीवर घेतलं होतं. "सोमवारची छाती," अप्पा म्हणाले. ते दोनच शब्द, आणि दोन्हींच्या मध्ये थांबले.

८ मार्च, बुधवार

मंगळवार आला, बुधवार आला, छाती सुटली नाही. गेल्या शुक्रवारपासून अप्पा दवाखान्यात आहेत. आडवं केलं की गुदमरतात, म्हणून उशा लावून बसवलंय.

डॉक्टरबाई परवा धारवाडहून आल्या. आज त्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझी यादी उघडी होती आणि शेजारी नबीसाब भिंतीला लागून उभे होते.

"चन्नवीर, यात कोऱ्या जागा कुठे आहेत?"

"एकही नाही, बाई."

"तेच विचारते. मी कोऱ्या जागांचीच वाट पाहत होते."

त्यांनी रजिस्टरचं पहिलं पान माझ्यासमोर ठेवलं. त्यांच्याच अक्षरात, ठळक: ज्याच्या फुंकण्याने सुई हलत नाही त्याचा आकडा लिहू नये. रकाना कोरा ठेवावा. अशा प्रत्येकाला बाई स्वतः तपासतील. तोवर त्याला धुळीत पाठवू नये.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग मीच दोनशे बारावी ओळ काढली. गिरणीत आल्यापासून फितीवरची छिद्रंच पाहिली होती, हे रजिस्टर पहिल्यांदा हातात घेतलं.

ओळ दोनशे अकरा: ईरप्पा, तीन पॉइंट आठ.

ओळ दोनशे बारा: बिल्ला अकराशे सेहेचाळीस, सिद्धप्पा. शेवटचा रकाना कोरा.

अकराशे सेहेचाळीस. अप्पांच्या डब्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर. लहानपणी हाच नंबर ओरडत मी गिरणीच्या फाटकावर डबा द्यायचो. पहिलीत जायच्या आधी मला एवढेच अंक लिहिता येत होते.

नबीसाब हळूच म्हणाले, "मैं आया था ना साब."

आले होते. चपला काढून आले होते. मी त्यांना हसलो होतो.

११ मार्च, शनिवार

आज अप्पांना सांगितलं. सांगू नको, असं अव्वा म्हणत होती, पण माझ्याने राहवेना. म्हटलं, "अप्पा, तो आकडा तुमचा नव्हता. ईरप्पाचा होता. तुमची जागा कोरी होती, मीच यंत्राला सांगितलं होतं की वरच्याचं घे."

मला वाटलं होतं रागावतील. ते बराच वेळ श्वास गोळा करत होते.

"मला ठावं हुतं की," म्हणाले.

"काय?"

"सुई. हलली न्हाई. म्या बगितली हुती." थांबले. "नबी म्हनला, बाई बोलावतील. म्या वाट बगत हुतो." पुन्हा थांबले. "मंग चिठ्ठी आली. म्हनलं, आपली छाती खोटं बोलत आसंल. पोराचं मशीन कशाला खोटं बोलंल."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला, ब्लोरूममधून आल्यावर स्वतःच्या केसांतून फिरवायचे तसा, धूळ झाडल्यासारखा.

"ईरप्पाला सांगू नगंस," म्हणाले. "त्याला उगं वाटंल, आपल्यामुळं झालं."

२४ मार्च, शुक्रवार

अप्पा सोळा तारखेला गेले. तीन महिने त्यांना आडवं होता आलं नाही. आमच्यात पुरतात तेही बसवून. खड्ड्यात उतरवताना ईरप्पाने त्यांना पाठीशी धरलं होतं. त्याला काही माहीत नाही.

मला याहून जास्त आज लिहवत नाही.

२९ एप्रिल, शनिवार

दहा तारखेला कामावर गेलो. मोडकसाहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचून घडी घातली. "झालं ते वाईट झालं. पण नवी मशिनं माणसं मागतात. पुढच्या वर्षीच्या तपासणीत बघू."

मी परत येऊन प्रोग्रॅममधून तो तुकडा काढला. आता श्वासाचा रकाना कोरा दिसला की यंत्र थांबतं, नाव आणि बिल्ला नंबर छापतं आणि तसंच उभं राहतं. हाताने बटण दाबल्याशिवाय पुढे जात नाही. चालवलं तर एकतीस वेळा थांबलं. एकतीस माणसं, गेले चार महिने दुसऱ्याच्या श्वासावर फिट ठरलेली.

ती यादी घेऊन मी साहेबांकडे गेलो नाही. नबीसाबांना बरोबर घेतलं आणि पाळी सुटताना फाटकावर उभा राहिलो. बिल्ला नंबर पुकारत होतो. पहिल्या दिवशी कोणी थांबेना. "घडी खात्यात न्यायला आला का रं?" म्हणून शिव्या दिल्या. मग ईरप्पा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने एकेकाचं मनगट धरून आणलं. त्याला अखेर सांगावं लागलं होतं. ऐकून त्याने विचारलं, "अजून कुनाला दिलाय माजा आकडा?" म्हटलं, कोणाला नाही. अप्पांनी सांगू नको म्हटलं होतं, मी तेवढंही पाळलं नाही.

तीस जणांना बाईंनी तपासलं. चोवीस घडी खात्यात गेले. साहेबांना सही करावी लागली, कारण बाईंनी त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढली आणि बाळ मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

त्या तिसांचे आकडे भरल्यावर आता फितीत एकच ओळ कोरी उरली आहे. रोज सकाळी पाळ्यांची यादी छापायला यंत्र सुरू केलं की ते दोनशे अकरा ओळी वाचतं आणि थांबतं. छापतं: ११४६, सिद्धप्पा. मी उठून बटण दाबतो, मग पुढे जातं. मोडकसाहेब म्हणाले, मेलेल्या माणसासाठी रोज कशाला खोळंबा? फीत तिथे कापून जोडून टाक, पाच मिनिटांचं काम आहे.

करतो म्हणालो. फीत अजून कापलेली नाही.